उसनी अळी

प्रिय माऊ,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगून टाकतो, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तो तिच्यासारखाच आहे, कुरकुरत का होईना सगळी कामं करतो. दुकानही बरं चाललंय. मग दिवसाआड फोन करणारा बाप एकदम कागद घेऊन का बसला? कारण फोनवर मी फार गोड बोलतो. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जिभेला तसं वळणच पडलंय. समोरच्याचा आवाज जरा खाली गेला की मी विनोद करतो, तो हसतो, आणि मूळ विषय तिथंच राहतो. कागदावर ती सोय नाही.

तुझ्याकडे आलो होतो तेव्हाची तुझी ती खोली हल्ली सारखी आठवते. बुटकं टेबल, त्याहून बुटक्या खुर्च्या, साबणाच्या फुग्यांची बाटली, बाहुलीची कपबशी, आणि भिंतीतली ती काच, आतून आरसा आणि पलीकडून खिडकी. मी हौसेनं त्या एवढ्याशा खुर्चीत बसलो आणि मग उठताच येईना. तू हाताला धरून उठवलंस तेव्हा काचेपलीकडून तुमच्या मोठ्या मॅडमचं हसू ऐकू आलं. पीएचडी झाल्यावरही आणखी दोन वर्षं शिकायचं, हे मला तोवर पटलंच नव्हतं. आमची मुलगी डॉक्टर होऊन परत शाळेत गेली, असं मी चेष्टेनं सांगायचो. त्या दिवशी तू समजावलंस की पुस्तकातलं शिकून झालं, आता मुलांसमोर बसून शिकायचं. ज्यांचं बोलणं, खेळणं, माणसांत मिसळणं वयाप्रमाणे पुढे सरकत नाही ती मुलं ओळखायची, कुणाला कसली मदत हवी ते ठरवायचं. मग तू पुढच्या कुटुंबाच्या तयारीला आत गेलीस आणि मी बाहेर बाकावर बसलो. दाराआडून तुझा आवाज यायला लागला. आत दुसरं कुणी नव्हतं. तू एकटीच एक वाक्य म्हणून बघत होतीस, "तुमच्या मुलाला काही गोष्टी वेगळ्या पद्धतीनं शिकवाव्या लागतील." एकदा हळू, एकदा ठाम, एकदा 'तुमच्या'च्या जागी 'आपल्या' घालून. माझे कान तिखट आहेत हे तुला सांगायला नको. पेचकसाचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून आत काय बिघडलंय ते सांगणारा माणूस मी, त्या कानांच्या जोरावरच दोन खोल्यांचं दुकान उभं केलं. पण ते वाक्य मला ऐकवेना. मी उठून सरळ गेटापर्यंत गेलो. हे वाक्य आपल्या वाट्याला न येवो, एवढंच मनात आलं. आणि घरी परतल्यावर लोकांना काय सांगितलं, ऐक. माझी मुलगी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या मनाचा अभ्यास करते म्हणालो. मुलांचं, त्यातही तशा मुलांचं, नावच काढलं नाही.

आता आमच्या बाईसाहेबांबद्दल. दादा-वहिनी कामाला गेले की तीन वर्षांची तुझी भाची दिवसभर माझ्या दुकानात असते, हे तुला माहीत आहे. ती गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसते आणि लोखंडी वॉशर एकापुढे एक मांडते. कुणी आत आलं की माझ्यासारखाच घसा खाकरून म्हणते, "या, बसा, काय सेवा करू?" सूर माझा, थांबणं माझं, 'करू'वरचा हेलसुद्धा माझा. गिऱ्हाइकं पोट धरून हसतात. सुरुवातीला मीही हसलो, गल्लीभर सांगत सुटलो की आजोबांची गादी चालवणार ही. पण मग लक्षात आलं की ती ते भिंतीलाही म्हणते. पंख्याला म्हणते. दुकान बंद करताना शटरला म्हणते. मागून हाक मारली तर मान वळत नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला की धावत येते. म्हणजे कानांत दोष नाही, एवढं मला कळलं होतं. मी ते तपासून पाहिलं होतं, कुणाला न सांगता, पुन्हा पुन्हा. एखाद्या गिऱ्हाइकानं नाव विचारलं आणि ती पंख्याकडे बघत राहिली की मी म्हणायचो, आज बाईसाहेब रुसल्यात. पुढच्या वेळी, घसा बसलाय. त्यापुढच्या वेळी, झोप झाली नाही.

हे सगळं तुझ्या वहिनीलाही दिसत होतं. एकदा जेवताना तिनं मला सरळ विचारलं, "बाबा, ती दिवसभर तुमच्याजवळ असते. हाक मारली की बघते का हो तुमच्याकडे?" मी म्हणालो, "बघते की! तू ऑफिसातून दमून येतेस, तुझ्या हाकेतच दम नसतो." सगळे हसले. दादा तर ठसका लागेपर्यंत हसला. ती हसली नाही. तिनं खटपट करून, कितीतरी महिने फोन करकरून, इथल्या मुलांच्या केंद्रात तपासणीची तारीख मिळवली होती. दादा रोज तिला डिवचायचा, घरात या विषयाची डॉक्टर असताना परक्यांच्या दारात कशाला जायचं? ती म्हणायची, घरच्यांना घरचं मूल नीट दिसत नाही, म्हणूनच.

मग तुझा फोन आला. पालकांची मुलाखत कशी घ्यायची याचा तुला सराव करायचा होता. व्यवस्थित वाढणाऱ्या एखाद्या मुलाबद्दल कुणाला तरी सगळे प्रश्न विचारायचे, त्याचं रेकॉर्डिंग मॅडमनी वेगळं तपासायचं, आणि तुमच्या दोघींचे गुण जुळायला हवेत. बाईसाहेबांना तू व्यवस्थित वाढणाऱ्यांत धरलंस, कारण मी फोनवर तुला तसंच सांगत आलो होतो. "वहिनीला सवड नाही, तर तुम्हीच बसा बाबा. फक्त सराव आहे हं, निदान वगैरे काही नाही." मी इस्त्रीचा शर्ट घातला, दुकानाच्या आतल्या खोलीत फोन डब्याला टेकवून उभा केला आणि बसलो. तू विचारलंस, एखादी गोष्ट आवडली तर ती तुम्हाला दाखवायला आणते का? मी म्हणालो, हो, नेहमी. तू म्हणालीस, "बाबा, नुसतं हो चालत नाही. नेमकं काय घडलं ते सांगा."

तिथं मी थांबायला हवं होतं. माझ्याकडे घडलेलं काहीच नव्हतं. मी थांबलो नाही. मी तुला हिरव्या अळीची गोष्ट सांगितली. कशी ती तळहातावर अळी घेऊन आली, माझ्या नाकापुढे धरली, एकदा अळीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली, आणि मी घाबरल्याचं सोंग करेपर्यंत हललीच नाही. मग आभाळातून विमान गेलं तेव्हा माझी हनुवटी धरून माझं तोंड वर कसं केलं, ते सांगितलं. हातोडी अंगठ्यावर बसली तेव्हा फुंकर घालून वर अर्धं चघळलेलं बिस्कीट मला कसं दिलं, तेही. तू हसत होतीस, भराभर लिहीत होतीस. म्हणालीस, "किती गोड आहे हो ही!" माऊ, ती तू होतीस. अळी तुझी, विमान तुझं, बिस्कीटही तुझंच. तीन वर्षांची असतानाचं तुला काय आठवणार? तू त्या दिवशी तासभर स्वतःचंच बालपण तपासत बसली होतीस, आणि मी ते दुसऱ्या पोरीच्या नावावर खपवत होतो.

फोन ठेवला तर दारात तुझी आई चहा घेऊन उभी. कधीपासून उभी होती कोण जाणे. "ती अळी माऊची होती," ती म्हणाली. मी म्हणालो, अगं सराव तर होता. "सराव तिचा होता, तुमचा नव्हे," असं म्हणून तिनं कप ठेवला आणि गेली. त्या दिवसापासून आमच्यात या विषयावर अक्षर नाही. तीही गप्प राहिली, पण तिचं गप्प राहणं माझ्या धाकानं होतं, तो हिशेब माझ्याच नावावर मांड.

पुढचं तुझ्या हातून सहज झालं. दादाशी बोलता बोलता तू म्हणालीस की सरावाच्या मुलाखतीवर कुणी जाऊ नये, पण बाबांनी सांगितलं ते ऐकून तरी मला काळजीचं वाटत नाही. त्यानं पहिलं अर्धं सोडून दिलं. संध्याकाळी पानावर बसताना बायकोला म्हणाला, "झालं समाधान? आता तर तुझ्या नणंदेनंच सांगितलं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेवताजेवताच केंद्रात फोन करून त्यानं तारीख रद्द केली. माझ्यासमोर केली. मी शेजारीच बसलो होतो. तेव्हा बोललो असतो तर सगळं तिथंच सावरलं असतं. मी तुझ्या आईकडे मीठ मागितलं.

तुझी वहिनी भांडली नाही. तिनं विचारणंच सोडलं. तिला वाटलं असणार, ज्यांचं हे काम आहे त्यांनाही दिसत नाही, तर खोट आपल्याच नजरेत आहे. घरात सगळे तिला हळूच शंकासुर म्हणायला लागले होते. शब्द माझाच होता, मीच चेष्टेत काढलेला.

परवा दुपारी चष्मा विसरला म्हणून घरी आलो. तुझ्या वहिनीनं रजा घेतली होती, मला माहीत नव्हतं; पोर दुकानात आली नाही ती तुझ्या आईजवळ असेल असं मी धरून चाललो होतो. आतल्या खोलीत बाईसाहेब खिडकीशी पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि तुझी वहिनी मागे जमिनीवर बसून तिला नावानं हाका मारत होती. हळू, मग जरा मोठ्यानं, मग अगदी लाडात. मान वळली नाही. मग तिनं माझ्यासारखा घसा खाकरला आणि माझ्या सुरात म्हणाली, "या, बसा, काय सेवा करू?" पोर गर्रकन वळली आणि हसली. वहिनीही हसली. मग तिला हुंदका फुटला आणि तो दाबायला तिनं तोंडाला पदरही लावला नाही, कारण मी तिथं आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. स्वतःच्या लेकीनं बघावं म्हणून ती आई गिऱ्हाइकाला बोलावतात तशी तिला बोलावत होती. मी चपला हातात घेऊन मागच्या मागे बाहेर पडलो. चष्मा तसाच राहिला. मला एकही विनोद सुचला नाही.

तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतोय की लाज नेमकी कशाची वाटते. खोटं बोलल्याची म्हणावं तर धंद्यात रोज बोलतो, उद्या नक्की मोटर मिळेल म्हणून. तशी लाज मी धुऊन टाकू शकतो. ही तशी नाही. मला त्या पोरीची लाज वाटली होती, माऊ. तीन वर्षांच्या लेकराची, जी दिवसभर माझ्याच आवाजात बोलते. तिच्याजवळ तिचं स्वतःचं काही नाही असं समजून मी तिला तुझी अळी उसनी दिली. तू विचारलं होतंस, तिला काय आवडतं? मी बाहुल्या म्हणालो. बाहुलीकडे ती ढुंकून बघत नाही. तिला वॉशर आवडतात, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि मध्ये एक जरी चुकीचा सरकवला तरी ती तो उचलून जागेवर ठेवते. दुरुस्त झालेली मोटर सुरू केली की ती फळीला गाल लावून पडते आणि ती थरथर अंगात उतरली की डोळे मिटून हसते. हे मी रोज बघतो. यातलं एक अक्षर तुला सांगितलं नाही, कारण ऐकून तू काय म्हणशील ते मला माहीत होतं.

काल तू फोनवर विचारलंस, वहिनी माझा फोन का घेत नाही, माझं काही चुकलं का? आणि मी म्हणालो, कामात असते गं. त्यासाठीच हे पत्र. तुझं काही चुकलं नाही. तुझ्या शब्दानं तिचं तोंड बंद झालं, पण तुझ्या तोंडी तो शब्द मी घातला होता. आज सकाळी मी स्वतः केंद्रात जाऊन आलो. गेलेली तारीख परत मिळत नाही, नाव पुन्हा सगळ्यांच्या शेवटी लागलं, आणि मधले महिने त्या पोरीचे गेले. आज संध्याकाळी दोघांना समोर बसवून सगळं सांगणार आहे. दादा आरडाओरडा करेल, करू दे. तुझी वहिनी काही बोलणार नाही, त्याचीच मला जास्त भीती आहे. तू ती मुलाखत फेकून दे आणि मॅडमना सांग की प्रश्न बरोबर होते, बाप खोटा होता. आणि मग वहिनीला फोन कर. घेतला नाही तर पुन्हा कर. मला काही दिवस केला नाहीस तरी चालेल. तिनं गेल्या वर्षभरात काय काय पाहिलं ते तिला विचार, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐक. मध्येच 'पण बाबा तर म्हणाले होते' असं तेवढं म्हणू नकोस.

मान खाली घालून, तुझाच,
बाबा