तिला न धरता

२ जून, रविवार

पोहोचलो एकदाचे! अकरा बोचकी, चार माणसं आणि एक कुंडी. ती कुंडी नवऱ्याने वाटभर मांडीवर जपली आणि दारात आल्याआल्या फोडली. नव्या शहरातली पहिली कामगिरी. मी इतकी हसले की खालचा पहारेकरी काय झालं म्हणून वर आला.

मला इथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची नोकरी लागली आहे. मालकीणबाईंनी दुकानावरच्या दोन खोल्या आठवडाभर दिल्यात, तेवढ्यात घर शोधायचं. नवऱ्याचं काम संगणकावरचं, ते कुठेही चालतं. दादा सात वर्षांचा, त्याला नव्या शाळेची आत्तापासून धास्ती. भुंगी अडीच वर्षांची. दिवसभर तोंडाने एकच सूर चालू असतो म्हणून भुंगी, खरं नाव फक्त दाखल्यावर.

नवऱ्याने उपनगरांसाठी वही आखली आहे. शाळा, बाग, दवाखाना, बस, शेजार, प्रत्येकाला दहापैकी गुण. लग्नाआधी माझीही अशी वही केली होती का, असं विचारलं तर तो आणखी एक रकाना आखू लागला.

५ जून, बुधवार

तीन उपनगरं पाहिली, पायांचे तुकडे पडले.

पहिलं स्टेशनाजवळचं. सगळं हाताशी, पण खिडकीखालून ट्रक जातात. दादाने स्वतःच्या हाताने ‘शांतता’खाली शून्य लिहिलं. दुसरं टेकडीवरचं. हवा काय सुंदर! पण शाळेला दोन बस बदलायच्या, आणि त्या उतारावर भुंगी हातातून सुटली तर थेट खालच्या चौकातच सापडायची. तिसऱ्यात पाऊल टाकलं आणि जीव भांड्यात पडला. सरळ रस्ते, शाळा पाच मिनिटांवर, बागेत बुटके झोपाळे, कोपऱ्यावर दुकान. कुणी ओरडत नाही, कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं.

अडचण एकच निघाली. एजंट कायम फाइल छातीशी धरून असतो, म्हणून नवऱ्याने त्याला फाइलवाले नाव ठेवलंय. त्याच्या फॉर्मवर ‘राहणारी माणसं’ याखाली तीनच ओळी. हे घर तिघांचं आहे म्हणाला, चौघांचं हवं तर पुढच्या वर्षी. नवऱ्याने त्याचा तो साळसूद चेहरा केला आणि म्हणाला, की छोटीला कशाला धरायचं, ती अजून कडेवरच असते, बसमध्येसुद्धा तिला धरत नाहीत. मीही मान हलवली. घर हातचं जायला नको होतं.

“म्हणजे तिला न धरता तीन?” फाइलवाल्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी ते माझ्याच अक्षरात लिहून घेतलं.

एक गंमत झाली. आधी त्यांनीच पेनाचं टोपण भुंगीला खेळायला दिलं होतं. सही झाल्यावर ते टोपण टेबलाखाली, खिशात, फाइलीत शोधत बसले. ते भुंगीच्या मुठीत होतं, त्यांच्या अगदी नाकासमोर. लिफ्टमध्ये आम्ही पोट धरून हसलो.

९ जून, रविवार

राहायला आलो. उजेड भरपूर, नळाला जोर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसतं. दाराशी कपड्यांना तीन खुंट्या आहेत, चौथी मी उद्या ठोकीन.

शेजारच्या बाई भेटून गेल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. दादाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, की एकुलत्या एक मुलाला फार लाडावू नये. मी म्हटलं, एकुलता कुठला, ही बघा दुसरी. भुंगी माझ्या कडेवर होती आणि तिचं गुणगुणणं चालू होतं. बाई नुसत्या हसल्या, पूर्वी ऐकलेल्या विनोदाला हसतात तशा. नजर कमजोर असेल. दुकानात या म्हटलं, डोळे तपासून देते.

१३ जून, गुरुवार

चौथी खुंटी बसत नाही. भिंत सिमेंटची, तीन खिळे वाकले.

बागेत एक गृहस्थ बाकावर बसायला आले आणि भुंगीच्या अंगावरच बसत होते. मी तिला ओढलं आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी रिकाम्या बाकाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मला बरं वाटत नाही का, असं अदबीने विचारलं. कोपऱ्यावरच्या दुकानाचं काचेचं दार सगळ्यांना आपोआप उघडतं. भुंगी मधोमध असताना ते बंद होऊ लागलं. मी कोपर घातलं म्हणून निभावलं, कोपर काळंनिळं झालंय. नवरा म्हणतो तिचं वजन कमी म्हणून. मग दुकानातली मांजर कशी जाते आरपार? तर म्हणे मी फार विचार करते.

दादाने शाळेत घराचं चित्र काढलं होतं. चौथ्या माणसावर त्याच्या बाईंनी लाल फुली मारली आहे.

१७ जून, सोमवार

नवऱ्याची ऑनलाइन मीटिंग होती, म्हणून भुंगीला दुकानात नेलं. अकराच्या सुमारास शेजारच्या बाई आल्या. मी भुंगीला मांडीवर घेऊनच तपासायला बसले. एक डोळा झाकला, दुसरा झाकला. बाईंनी तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. ती ओळ मला चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

मग मी विचारलं, माझ्या मांडीवर काय दिसतंय.

“तुमचे हात,” बाई म्हणाल्या. “असे हवेत का धरलेत हो?”

भुंगी त्यांच्याकडे बघून हसत होती. चष्म्याचा नंबर शून्य लिहून दिला, दुसरं काय लिहिणार?

१९ जून, बुधवार

नवऱ्याने सकाळी तीन ताटं घेतली. मी बघत राहिले. तीन पेले. तीन चमचे. भुंगी त्याच्या पायाशी उभी राहून त्याची पँट ओढत होती. तो पाय झटकत होता, खाज सुटल्यासारखा. मी ओरडले तेव्हा दचकला, अगं हो, विसरलो म्हणाला, आणि कितीतरी वेळ तिचा चेहरा आठवावा तसा तिच्याकडे पाहत राहिला.

ताईला फोन केला. भुंगीला तिने बारशाआधीपासून खेळवलंय. ताई म्हणाली, तुम्ही तिघं सुखात राहा, दुसऱ्याचा विचार सावकाश करा.

फोन ठेवला आणि रडले.

२१ जून, शुक्रवार

आज लवकर सुटले. बागेतून चालत घरी आले, चहा केला, पाय पसरून बसले. किती दिवसांनी असं निवांत वाटतंय. दादा शाळेत, नवरा कामात. घर कसं शांत, कसलीच गुणगुण नाही. मी उगाच जिवाला लावून घेत होते. म्हणजे काय बरं लावून घेत होते? मागची पानं वाचून बघते. ही भुंगी म्हणजे कोण—

(त्याच दिवशी)

सापडली. झोपाळ्याशी मातीत बसली होती. एकटी. मी तिला तिथे सोडून आले. मी. तिची आई. दुकानातून तिला बागेत नेलं, झोपाळा ढकलत होते आणि हात थांबवून घरी निघून आले आणि चहा केला. वहीत नाव लिहिलेलं नसतं तर—

तिच्या गालांवर अश्रू वाळले होते. मी मनगटावर पेनाने तिचं नाव लिहून घेतलंय.

२२ जून, शनिवार

फाइलवाल्यांकडे गेले, भुंगीला ओढणीने कमरेला बांधून. चार करा म्हटलं. हातापाया पडले. घर सोडते म्हटलं, आज सोडते.

ते शांतपणे म्हणाले, “घर सोडता येतं. लिहिलेलं तुमच्याबरोबरच येतं.”

ओळी तीनच आहेत. एक नाव खोडल्याशिवाय दुसरं लिहिता येत नाही. आपण काहीच केलं नाही, तुम्ही सांगितलं तेवढंच झालं, असंही म्हणाले. खरं आहे ते, म्हणून जास्त लागलं.

दादाचं नाव? छे. नवऱ्याचं? त्याच्या नकळत? नाही. घरी जाऊन त्याला विचारायचं तर तो कोण भुंगी म्हणेल. आणि उद्या सकाळी मीही कोण भुंगी म्हणेन. मनगटावरचं नाव वाचेन आणि साबणाने धुऊन टाकेन.

माझ्या नावावर रेघ मारली. तिचं दाखल्यावरचं नाव लिहिलं. पूर्ण, ठळक अक्षरात.

फाइलवाल्यांनी एकदम खाली पाहिलं. “अरे वा, या कोण आल्या?” म्हणाले, आणि तिला खेळायला पेनाचं टोपण दिलं. मग आपलं पेन हातात कुणी परत दिलं म्हणून इकडेतिकडे बघू लागले.

२४ जून, सोमवार

चार ताटं!

नवऱ्याने भुंगीला खांद्यावर घेतलं, दादाने तिला चिडवलं, ती किंचाळली. मला कसलीच खंत नाही. आज आम्ही चौघं जेवलो.

दुकानात मात्र माझ्या खुर्चीसमोर बसलेल्या गिऱ्हाइकाने डोळे तपासणारी बाई कधी येणार, असं विचारलं. मला नाही. माझ्या मागच्या भिंतीला.

२९ जून, शनिवार

तीन ताटं.

शेजारच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, दोन लेकरं एकट्याने सांभाळता, कमाल आहे. तो थोडा अडखळला. माझ्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, सवय झाली.

दादाने संध्याकाळी एकदा आई म्हटलं. बाबांनी ऐकलं नाही. दादा जरा वेळ थांबला आणि खेळायला गेला.

१ जुलै, सोमवार

काचेचं दार उघडलं नाही.

दुकानावर पाटी लागली — डोळे तपासणारी व्यक्ती पाहिजे. मालकीणबाई माझ्या खुर्चीवरची धूळ—

दादा आता आई म्हणत नाही.

भुंगीला अजून दिसते मी. भुंगीला दिसते. तेवढं आहे.

३ जुलै, बुधवार

नवऱ्याने ही वही उचलली, कुणाची म्हणून चाळली, एकही पान न वाचता भुंगीला रेघोट्या मारायला दिली. मी काढून घेतली. ती हसली. माझ्याकडे बघून? की वही हवेत उडाली म्हणून?

गुणगुणतेय. ऐकू येतंय मला. ती आहे, बाकी काहीही होऊ दे, ती आहे—

आत्ता उठून आली. मी बसलेय त्या पायरीशी उभी. दोन्ही हात वर. आई, घे म्हणतेय. पण दाराकडे बघून. मी इकडे आहे गं, इकडे, ही बघ—

नवरा आतून तिला विचारतोय, भुंगी, कुणाशी बोलतेस—

पुन्हा म्हणाली. आई, घे. वही ठेवते. उचलून बघते, तिला कळतं का आपण कुणाच्या कडेवर