भाचीला काही नाही

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसायाने संशोधक, विषय ऱ्हुमॅटॉइड संधिवात, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना याबद्दल माझ्या नोकरीभर शंका होती, त्यांच्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर माझ्या थोरल्या बहिणीला. तिने शिवणाचे मशीन चालवून मला शिकवले. तिच्या पस्तिशीत हा रोग तिच्या बोटांत शिरला. शरीराचे राखणदारच घरच्यांवर काठी उगारतात, असा हा रोग. सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ तिला साधा कप धरता येत नसे. पुढे कात्री सुटली ती सुटलीच. स्वतःसाठी ती कधी रडली नाही. मांडीवरच्या लेकीचे हात चोळत एवढेच विचारायची, "हिचंही असंच होईल का गं?" माझे सगळे संशोधन म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे, बाकी पदव्या आणि पदके शोभेची. थोरलीला या घरातून कोणीही हलवू नये. दारांच्या गोल मुठी तिला फिरवता येत नाहीत, म्हणून मी लांब दांड्याच्या बसवून घेतल्या. त्याही बदलू नयेत.

२. प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर माझा नाही, म्हणून तो देता येत नाही. त्यातल्या नळ्यांमधले रक्त ज्यांचे, त्यांचे. पण हकीकत नोंदवून ठेवते. रुग्णांच्या धडधाकट मुलाबाळांचे, भावंडांचे रक्त मी दरवर्षी घेऊन साठवत असे. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, एकदा फ्रीजरपुढे उभे राहून म्हणाले, "निरोगी माणसांच्या रक्ताचं काय लोणचं घालणार आहेस?" फ्रीजर भंगारात काढायचा हुकूम निघाला. मी त्याला टेकून खुर्ची टाकली आणि तिथेच बसून काम करू लागले. शेवटी त्यांनी नाद सोडला. मी सोडला नाही.

पुढे त्या धडधाकटांपैकी काही जण आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जुन्या नळ्या उघडल्या. सांधा दुखायच्या कितीतरी वर्षे आधीपासून रोगाची खूण रक्तात हजर होती. तोंडात बोटे घालायची पाळी आता इतरांची होती.

भाचीच्या नळीतही ती खूण सापडली. त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. मग डोळे पुसून तिला डॉक्टरांकडे नेले. बोटे सुजायची वाट न पाहता, सांध्यांच्या पहिल्या कुरकुरीलाच औषध सुरू झाले. आज ती घड्याळे दुरुस्त करते. मला दिसतही नाहीत असे स्क्रू चिमट्याने बसवते, आणि वर मलाच म्हणते, "मावशी, सरक ना जरा, उजेड अडवतेस."

३. रक्तदाब मोजायचा माझा जुना पट्टा विभागातल्या सर्वांत नव्या संशोधिकेला. तो थोडा फुगवून मी रुग्णाच्या मुठीत द्यायची आणि सांगायची, "दाबा, माझा गळा आहे समजून दाबा." पारा किती चढतो यावरून मुठीची ताकद कळते. तिने पारा बघावाच, पण माणसाचा चेहराही बघावा.

४. मोठ्या साहेबांना काही नाही. निवृत्तीनंतर त्यांनी फोन करून "तुझंच बरोबर होतं" असे सांगितले, तेव्हा भांडण मिटले. साक्षीला याल का, असे विचारल्यावर म्हणाले, "येतो की. सही कुठे करायची तेवढं दाखव."

५. भाचीला काही नाही. वाचणाऱ्यांनी लगेच नाक मुरडू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, असे वकीलबाईंनी मला बजावले. "साक्षीला दुसरं कोणीही चालेल, पोरीचा वाटा कशाला घालवता?" मी म्हटले, "मला या कागदावर तिचीच सही हवी आहे." भाचीला विचारले, तर ती म्हणाली, "माझा वाटा मला कधीच मिळालाय, मावशी."

वकीलबाईंनी अकराची वेळ दिली होती. मी सकाळी सातची करून घेतली. हा रोग हात आवळून धरतो तो सकाळीच, हे त्याच्याशी संसार केलेल्यांना सांगायला नको. सही होताना थोरलीला टेबलासमोर बसवावे. तिला कागद दिसला नाही तरी चालेल, लेकीची बोटे दिसली पाहिजेत.

माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ९ फेब्रुवारी, सकाळी सात वाजता आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार: निवृत्त विभागप्रमुख, चष्मा सापडल्यावर (सही)

साक्षीदार: भाची, घड्याळ दुरुस्ती, अंथरुणातून उठल्या उठल्या, उजव्या हाताने (सही)