सुटी राहिलेली वायर

३ जुलै, वडगाव
खोली आवडली! खाली दोन माग आहेत, दिवसभर खटखट चालते, पण मला तेच बरं. खानापूरच्या घरात फार शांतता होती. घरमालकीण मालुआक्का साठीच्या आहेत, साड्या विणतात. सामान चढवायला स्वतः आल्या आणि पुस्तकांची पेटी उचलून म्हणाल्या, लई शिकलीयास वाटतं, माझी कंबर मोडली की! खूप दिवसांनी हसले. उद्या पतसंस्थेत कामावर रुजू व्हायचंय.

५ जुलै
टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, नवऱ्याचं होम थिएटर, सगळं भिंतीशी मांडलंय. जोडायचं कसं ते मला ठाऊक नाही. बारा वर्षांच्या संसारात आदर्शने मला त्या वायरींना हात लावू दिला नाही. फेब्रुवारीत संकेश्वरजवळ गाडी उलटली, तो गेला, फोनही गेला. आता त्याचा आवाज फक्त दिराच्या लग्नाच्या डीव्हीडीत उरलाय. चारच शब्द: रचना, इकडं बघ की. तेवढे ऐकायचेत. अजून रडू आलेलं नाही. कदाचित ते ऐकून येईल.

८ जुलै
चित्र आलं, आवाज नाही. पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये, सगळं करून झालं. मालुआक्का चहा घेऊन आल्या आणि टीव्हीमागे डोकावल्या. एक काळी वायर सुटी होती, टोकाला आदर्शने चिकटपट्टी गुंडाळलेली. ती तशीच असते, असं मी सांगितलं. त्यांना पटेना. मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नवा धागा गाठ मारून जोडतात, एकही सोडत नाहीत. टोक सुटं ऱ्हाऊन चालत न्हाय गं, असं म्हणत त्यांनी दातांनी पट्टी सोलली आणि ती तार स्पीकरच्या तारेला गाठ मारून जोडली. मी अडवलं नाही.
लगेच आवाज आला. रचना, इकडं बघ की. पाच वेळा ऐकलं. रडू आलं नाही.

१० जुलै
आज तो आणखी बोलला. मांडवातल्या गर्दीतून थेट माझ्याकडे बघून विचारलं, जेवलीस काय? हे डीव्हीडीत नव्हतं. मला घाबरायला हवं होतं. जेवले, असं मी सांगितलं.

१३ जुलै
रोज संध्याकाळी सहाला, कामावरून आले की लावते. तो विचारतो, मी सांगत बसते. ऑफिसातलं, आक्कांचं, काहीबाही. घसा बसलाय. मॅनेजरांनी आल्याचा रस घ्यायला सांगितला. दुखत मात्र काहीच नाही.

१६ जुलै
माझा आवाज निम्मा राहिला. जेवढं त्याला सांगते तेवढं माझ्यातून जातं, हे आता कळलं. प्लेअर बंद केला. दोन तासांनी पुन्हा लावला. माझा आवाज राहून तरी काय करायचंय? मला त्याचा हवा.

१८ जुलै
ऑफिसात कागदावर लिहून बोलले. संध्याकाळी त्याचे ओठ हलले. आवाज माझा होता.
त्याचा कुठेच नाही. मागे नेलं, पुन्हा लावलं. ते चार शब्दसुद्धा माझ्याच आवाजात.

१९ जुलै
सकाळपासून गाठ सोडवतेय. विणणाऱ्या बाईची गाठ, ओढली की आणखी घट्ट होते. बोटं बधिर. प्लग काढला, चित्र गेलं नाही. पट्टी त्याने का गुंडाळली होती ते आता—
कात्री आक्कांकडे. हाक मारली. तोंड नुसतं हललं.

सहा वाजले. आक्का जिन्यावर. दिवसभर दिसली नाहीस, जेवलीस का गं, असं त्यांनी दाराबाहेरून विचारलं. मी उठणार तोच टीव्हीतून माझ्या आवाजात उत्तर गेलं. व्हय आक्का, जेवले. जरा पडते आता.
बरं म्हणाल्या. उतरतायत—

पाय उचलत नाहीत. कडी बोटांना लागत नाही — खाली माग सुरू झाले, आता काही ऐकू जाणार—

मागून हाक. रचना, इकडं बघ की.
माझाच आवाज. मी नाही बघ—