माळकरी घरातले खाऱ्या पाण्याचे मासे

पाटोदा,
मंगळवार

चि. रामप्रसादराव यांस,
उत्तरेश्वर गुरुजींचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या सासूबाई सुभद्राबाईंचे गुडघे थंडी सरल्यापासून जरा बरे चालतात. माझा बीपी पूर्वीसारखाच मला न विचारता वाढतो. तुमची, बबिताची आणि संस्कृतीची तब्येत उत्तम असावी. माशांचं म्हणाल तर हे पत्र लिहितेवेळी दोन्ही हयात आहेत. हातात फोन असताना सासरे पत्र काहून लिहितात, असं तुम्हाला वाटेल. मी फोन उचलला की सुभद्राबाई शेजारी येऊन बसतात (घरात मी एवढा मान देत नाही, पण कागदावर बरं दिसत नाही), आणि पुढचा मजकूर त्यांनी ऐकण्यातला नाही. म्हणून उद्या तुमच्या अंबाजोगाईला निघालेल्या गल्लीतल्या धुळाजीच्या हाती पाकीट देतो आहे.

दवाखान्याच्या क्वार्टरला रंग द्यायचा म्हणून तुम्ही ती समुद्री माशांची काचेची टाकी आमच्या बैठकीत आणून ठेवली, त्याला माझी ना नव्हती. दिवाणाशेजारची जागा मोकळीच होती. दिवसाकाठी एकदा, चिमूटभर, एवढंच खाणं, असं तुम्ही दोनदा बजावलंत. संस्कृतीने तर गाडीत बसता बसता माझ्या सदऱ्याला धरून सांगितलं की आबा, बुंदीला मरू देऊ नका. मी हो म्हणालो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला बुंदी आणि तिचा जोडीदार असे दोन बोटभर नारंगी मासे सांभाळायला काय लागतं, असं मला वाटलं. ते वाटणं मी आता मागे घेतलं आहे.

पहिलं विघ्न तुम्ही दिलेल्या डब्यानेच आणलं. त्यात गोठवलेले झिंगे आहेत हे तुम्ही मला सांगितलंत, सासूबाईंना सांगितलं नाहीत, आणि ते बरंच केलंत. त्यांनी डबा फ्रीजमध्ये उघडून पाहिला आणि गळ्यातल्या माळेला हात लावून एवढंच विचारलं की ह्या घरात आधी कोण राहायला आलंय, आपण का हे मासे. मी डबा उचलला आणि तो परत पाठवतो असं सांगून शहादेवच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात नेला. तेव्हापासून तो तिथल्या फ्रीजरमध्ये मटका कुल्फीच्या खाली आहे. रोज सकाळी मी पेपर आणायला म्हणून जातो, कागदात चिमूटभर झिंगे बांधून आणतो आणि सुभद्राबाई देवपूजेला बसल्या की टाकीत सोडतो. मासे त्यामुळे जगले. सुभद्राबाईंचं मत असं की मासे त्यांच्यामुळे जगले, आणि आमच्या घरी येऊन तेही माळकरी झाले.

कारण त्या स्वतः काही हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. आपल्या घरी आलेला जीव चिमटीवर ठेवायचा, ही त्यांना माणुसकी वाटेना. सकाळी भाकरीचा चुरा, दुपारी भात, एकादशीला भिजवलेला साबुदाणा (माशांना उपास असतो का, हे मी विचारलंही). भरीला समोरचे मोहनराव. त्यांना कुणीतरी ग्रहांसाठी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सांगितलं होतं. तळं लांब, गुडघे दुखतात, आणि आमची टाकी रस्त्याच्या पलीकडे. शनिवारी ते मूठभर गोळ्या घेऊन चप्पल दारात काढून आत आले आणि नमस्कार करून सगळ्या सोडल्या. बुंदीने एक तोंडात घेतली आणि तशीच बाहेर टाकली. गल्लीत बातमी लागल्यावर जो यायचा तो चहा घ्यायचा आणि चिवड्यातलं काहीतरी टाकीत टाकायचा. माशाला काय घालू नये हे मी सांगायला लागलो, की लोक म्हणायचे, गुरुजी, तुमी रिटायर झालात आता.

न खाल्लेलं सगळं तळाशी बसलं आणि कुजलं. शेवाळाला जे हवं असतं ते त्याला मिळालं. वर मी टाकी खिडकीशी सरकवली होती, जिवांना ऊन लागावं म्हणून. काच आधी पिवळट झाली, मग हिरवी, मग इतकी हिरवी की आत काही आहे हे फक्त आमच्या सांगण्यावरून कळायचं. तुमच्या तीन गोगलगायी शेवाळ खायला ठेवलेल्या आहेत हे मान्य, पण तीन माणसांनी एकरभर गवत खुरपायचं तर किती खुरपणार. संस्कृतीचा रोज व्हिडिओ कॉल. आबा, बुंदी दाखवा. मी फोन टाकीला लावला तर तिला नुसता हिरवा रंग दिसला. मी म्हणालो, बुंदी झोपली. ती म्हणाली, चार वाजता? मग तिचा आवाज बारीक झाला आणि तिने विचारलं, आबा, खरं सांगा. रामप्रसादराव, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबापुढे मी कधी अडखळलो नाही, पण त्या दिवशी मला नेटवर्क गेल्याचं सोंग करावं लागलं.

आणि ह्याच्यापुढची चूक निखळ माझी आहे. पाणी उन्हाने आटत होतं. मला वाटलं, समुद्राचं मीठ विकत कशाला, आमच्या बोअरचं पाणी मुळातच खारं आहे, त्यात चहाही फाटतो. मी बादलीने तेच ओतत राहिलो, आणि शंका नको म्हणून वर तुमच्या पुड्यातलं मीठही. बुंदी खाली वाळूवर आडवी पडून धापा टाकायला लागली तेव्हा मी हातातली बादली खाली ठेवली. पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मागे राहतं, हा प्रयोग मी दर वर्षी आठवीला ताटली उन्हात ठेवून दाखवला आहे. परीक्षेतही विचारला आहे. तुम्हाला फोन लावला, तुम्ही ओपीडीत. मग जारचं गोडं पाणी आणलं आणि दिवसभर तांब्यातांब्याने घालत बसलो. सुभद्राबाई तांब्या भरून देत राहिल्या. दुसऱ्या दिवशी बुंदी वर आली.

त्यानंतर मी कडक झालो. टाकी खिडकीपासून हलवली, दिवा थोडाच वेळ लावतो, काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो, झाकण नाड्याने बांधून ठेवलं आहे. मोहनरावांचे ग्रह त्यांचे त्यांनी बघावेत. काच आता बऱ्यापैकी साफ आहे, बुंदी दिसते, काल संस्कृतीने तिला पाहिलं आणि नुसती हसत होती. पण मी बेजार झालो आहे. रंगाचं काम संपलंच असेल. ह्या शनिवारी कृपा करून टाकी घेऊन जावी. माझ्या वयाला हे झेपत नाही.

आपला,
उत्तरेश्वर

ता. क. येताना झिंग्यांचा नवा डबा आणावा, संपत आला आहे. तो परस्पर शहादेवकडे द्यावा. सासूबाईंपुढे झिंग्याचा झ सुद्धा काढू नये. मासे साबुदाण्यावर जगले ह्याचा त्यांना लई अभिमान आहे आणि ह्या वयात तो मोडवत नाही.

ता. क. २. टाकी न्यायचीच आहे तर डबा कशाला, असं विचाराल. असू द्यावा.

(पाठीमागे, दुसऱ्या अक्षरात)

जावईबापू, ह्ये पाकिटाला डिंक आणाया गेलेत म्हणून लिवते. झिंग्याचं मला पैल्या दिवसापासून ठावं हाय. कवा कुल्फी न खाणारं माणूस रोज सकाळी कुल्फीच्या दुकानात कशाला जातंय? मी इचारलं न्हाई. जीव वाचतोय तर वाचू द्यावा, माळ माझ्या गळ्यात हाय, माशाच्या न्हाई. त्यांला वाटतंय मला कळलं न्हाई, तर तसंच वाटू द्या.

शनवारी या, पर माशांची पेटी नेऊ नका. रिटायर झाल्यापासून ह्ये पेपराच्या आडच असायचे, भाजीत मीठ कमी झालं तरच बोलायचे. आता सांजच्याला पेटीपुढं दोन खुर्च्या मांडत्यात आन मला बलावत्यात. बुंदीनं आज काय केलं ते सांगत्यात. मला समदं दिसत असतंय, तरी मी ऐकून घेते. पेटी गेली की ह्ये परत पेपरात जातील. संस्कृती रडंल, तर तिला म्हणावं बुंदी आज्जीकडंच राहणार, भेटायचं आसंल तर सुट्टीभर राहाया ये.