सत्तावीस फुटांची जागा

प्रिय आई,

मी बरी आहे, ओठही भरत आलाय.

डोंगरातल्या पार्कात मुक्कामाला जागा मिळाली, पण सत्तावीस फुटी गाडीपुरतीच. रांधायची-झोपायची सोय असलेली आमची गाडी एकोणतीस भरली. तुझ्या जावयानं मोजताना मागची शिडी धरलीच नव्हती.

मी एवढंच म्हटलं, "क्लेटन, शिडी राहिली."

त्यानं कुऱ्हाडीनं शिडी तोडली, आरसे फोडले, मग दांडा माझ्या तोंडावर हाणला. "आता मोज, शहाणे!"

तुझे गुडघे कसे आहेत? दोन मैल चढवेल ना?

ती जागा मी सोडली. वर तळ्याकाठी तंबूची घेतलीय, तिथं गाडी जातच नाही. नावं आपल्या दोघींचीच दिलीत.

सरपणासाठी कुऱ्हाड मी आणतेय.

तुझीच,
नोरीन