एकाच मजकुराचे दोन दाखले

१२ जून १९६१, अमरावती

वसंताचं निळं पत्र आलं. जर्मनीहून आठ दिवसांत. मी नागपूरच्या दैनिकाला पाठवलेली बातमी छापून यायला कधी कधी याहून जास्त लागतात.

मजकूर असा. कामाचा परवाना सप्टेंबरअखेर संपतो. कारखाना वाढवून द्यायला तयार आहे, पण वसंताला आता काम नको, शिकायचंय. तिथल्या इंजिनिअरिंगच्या शाळेत ऑक्टोबरपासून जागा आहे. परकीयांचं दफ्तर म्हणतं, कामाला आलेल्या माणसाने काम संपलं की घरी जावं. मात्र आधीचं शिक्षण झालेलं असल्याचा पुरावा दिला, तर कामाचा परवाना विद्यार्थ्याच्या परवान्यात बदलता येतो, परत यावं लागत नाही. "बाबा, इंटरची गुणपत्रिका आणि कॉलेजचा दाखला ताबडतोब पाठवा."

ही आनंदाने दारातच उभी. "बघा, मी म्हणत नव्हते, शिकेल म्हणून?"

मी हो म्हटलं. मग आठवलं. गुणपत्रिकेवर सालं आहेत. ५६ ते ५८, कॉलेज, अमरावती. आणि दोन वर्षांपूर्वी कारखान्याला जो दाखला गेला त्यावर लिहिलंय, ५६ ते ५९, तीन वर्षं अखंड, कापसाच्या जिनात फिटर, अकोला.

एक घट एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. एवढा न्याय मी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात शिकवत असे.

१३ जून

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःशी तरी वाद नको. तो जिनाचा दाखला मी लिहिला.

वसंताला इथे इंजिनिअरिंगला जागा मिळाली नाही. जर्मन कारखान्याला यंत्रावर तीन वर्षं हात चाललेली माणसं हवी होती. अकोल्याचे जिनवाले शेटजी जुने ओळखीचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बातमी मी अर्धा कॉलम दिली होती. म्हणाले, "लिवा ना पंडितजी, तुमीच लिवा. मी सही मारतो. दाखल्याले कोनी नाही म्हनते का?" खरंच कोणी म्हणत नाही. आपल्या वऱ्हाडात दाखला मागणाऱ्याला नाही म्हणणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी न देणं.

म्हणून मी लिहिला. इंग्रजीत. उद्योगी, निर्व्यसनी, आज्ञाधारक, अशी तीन विशेषणं, उतरत्या क्रमाने. "तीन वर्षं अखंड." अखंड! दिवाळी ते होळी चालणारा जिन. बारा महिने चालणारा अजून जन्मायचाय.

वसंता जिनात गेला होता हे खोटं नाही. दोन दिवाळीच्या सुट्ट्या. इंगळे फिटरने त्याला कानस धरायला शिकवलं. दाखल्यावर सही झाली तेव्हा इंगळे म्हणालाही होता, "पंडितजी, पोराच्या हाताले घट्टा नाही. तिकडे कोनाले हात दाखवू नको मना."

हसलो होतो आम्ही तिघेही.

१७ जून

कॉलेजात गेलो. हेडक्लार्क देशपांडे माझा जुना विद्यार्थी. शब्दरूपावलीत सदा कच्चा, व्यवहारात पक्का. कागद बघून लगेच समजला. "सर, बाहेरून बसलेला उमेदवार म्हणून लिहून देऊ का? म्हणजे तिकडे जिनही खरा, इकडे इंटरही खरी."

मोह झाला. चांगला पाच मिनिटं झाला.

घरी सांगितलं. हिने भाजी निवडता निवडता, मान वर न करता, "एक खोटं तुम्ही लिहिलंत. आता निदान खरं पाठवायला तरी घाबरू नका."

वर्तमानपत्रात चोवीस वर्षं बातम्या देतोय. एकही मागे घ्यावी लागली नाही. मागे घ्यायची पाळी घरच्याच बातमीची.

१९ जून

खरी गुणपत्रिका, खरा दाखला. रजिस्टर्ड, एअर मेल. वसंताला पत्रात सालांबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. विचारलं तर तो सांगेल, असं मनाशी. मी सांगू शकत होतो की आधी.

२ जुलै

इंगळे आला. सकाळच्या एस्टीने, अकोल्याहून. महादेव इंगळे, वय बत्तीस, मूळ मूर्तिजापूरचा, जिनात आठ वर्षं फिटर. छप्पन सालापासून घरात बुद्धाची तसबीर. दारातून तो "जयभीम" म्हणतो, मी "नमस्कार" म्हणतो. दोघांपैकी कोणीच हट्ट सोडत नाही. बरं चाललंय.

याचाही अर्ज त्याच कारखान्यात आहे. वसंतानेच तिथल्या फोरमनच्या कानावर घातलं होतं की मला शिकवणारा माणूस यावा. एप्रिलमध्ये कागद गेले. दाखला अर्थात मीच लिहिलेला, सही शेटजींची.

"काइ खबर पंडितजी?"

"अजून नाही."

"मी शेटले सांगून टाकलं, औंदा दिवाळीले मी नाही. त्यायनं दुसरा मानूस पाह्यला. नेरचा हाये. पान्हा उलटा धरते."

"घाई केलीस."

"आठ सालाचा फिटर हाओ मी. मले कोन नाही म्हनते?" मग जरा थांबून, "माया दाखला तुमी वसंतासारकाच लिवला ना?"

"अक्षर न अक्षर तोच. नाव आणि वर्षं तेवढी बदलली."

"मंग झालं काम."

तो एस्टीने गेला. मी ओसरीवर बसलो आणि मग लक्षात आलं. अक्षर न अक्षर तोच. उद्योगी, निर्व्यसनी, आज्ञाधारक. सिद्ध झालेलं वाक्य पुन्हा कशाला मोडायचं, ही आमची पाठांतराची खोड. कारखान्याच्या एका कपाटात एकाच जिनाचे, एकाच भाषेचे दोन दाखले. त्यातला एक खोटा असल्याचा पुरावा मी स्वतः पाठवलाय, पोच पावतीसह.

दुसरा कोण खरा मानील?

२४ जुलै

पत्र नाही. नगरपालिकेची बातमी पाठवली. "सभा खेळीमेळीत पार पडली." खुर्ची फेकली होती एकाने.

५ ऑग.

पत्र नाही. ही रोज पोस्टमनला विचारते. पोस्टमन आता लांबूनच हात हलवतो.

२१ ऑग.

वसंताचं पत्र. चार पानं. दोनदा वाचलं.

त्याला दफ्तरात बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. अधिकाऱ्याने नुसतं सालांवर बोट ठेवलं. वसंताने सांगून टाकलं की कॉलेज खरं, जिनात फक्त सुट्ट्यांत होतो, शेटजींनी मेहेरबानीने जास्त लिहिलं. (शेटजींनी. मी नाही. बापाला वाचवलं पोराने.) अधिकाऱ्याने दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग म्हणाला, शिकलेला माणूस फिटर म्हणवून येतो हे आम्ही पहिल्यांदा पाहतोय, नेहमी उलटं असतं. परवाना बदलायला हरकत नाही असा शेरा मारला. शिक्का सप्टेंबरअखेर. तोपर्यंत फाइल उघडी.

म्हणजे झालं. विद्यार्थी झाला.

चौथ्या पानावर: "बाबा, दफ्तराने कारखान्याला विचारलं. फोरमनने इंगळेदादांचा दाखला काढून माझ्या दाखल्याशेजारी ठेवला. भाषा तीच. मी पुष्कळ सांगितलं की त्यांचा खरा आहे. फोरमन म्हणाला, तुझाही खराच होता ना? त्यांचा अर्ज बंद केला. त्यांना पत्र गेलंय. पंधरा सप्टेंबरला जागा दुसऱ्याला देतील. बाबा, कृपा करून तुम्ही कारखान्याला काही लिहू नका. दाखले तुम्ही लिहिले हे कळलं तर शिक्का बसायच्या आधीच…"

वाक्य पुरं केलं नाही. व्याकरणात कच्चा नव्हता कधी.

२३ ऑग.

हिने पेढे आणले. आळीत वाटले. मी एक घेतला. तोंडात फिरत राहिला.

२७ ऑग., अकोला

गाडीने गेलो. मूर्तिजापूरला डबा रिकामा झाला, तरी उभाच होतो.

जिन बंद, ओव्हरहॉलिंग चालू. इंगळे रोलर सोडून बसलेला, कोपरापर्यंत ग्रीस. मला बघून उठला. "जयभीम पंडितजी. बरे आले. मीच येनार होतो." आत जाऊन एक पाकीट आणलं. फोडलेलं, पण घडी मोडली नव्हती. "इंग्रजी हाये. इथं कोनाले वाचाले दिलं नाही. मनलं पंडितजीच वाचतीन."

चार दिवस त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. मी वाचलं. आधी इंग्रजीत, का कोण जाणे. मग मराठीत. सादर केलेला दाखला विश्वसनीय वाटत नसल्यामुळे.

"विश्वसनीय मंजे?"

"खरा नाही असं त्यांना वाटतं."

तो हसला. खरोखर हसला. शेजारच्या दोघांना हाक मारली, "आइका रे! मी फिटर नाही मनते!" मग माझ्याकडे बघून हसू थांबलं. माझ्या तोंडावर काय होतं ते त्याने वाचलं. त्याला इंग्रजीची गरज नव्हती.

सगळं सांगितलं. गुणपत्रिका, सालं, विशेषणं, सगळं. जिनात पत्र्यावर चिमण्या फार.

शेवटी त्याने दोन्ही पंजे माझ्यापुढे उघडले. बोटांच्या मुळाशी रुपयाएवढे घट्टे, एका नखाखाली काळं कायमचं. "हा दाखला हाये. हा पाठोता येते का?"

मी पत्राची घडी घातली.

"तुमी लिवला तो माया कागद खोटा हाये का?"

"नाही. खरा आहे."

"मंग तेवढंच लिवून पाठवा ना. कोनी खोटा लिवला, कोनाचा लिवला, सारं."

"वसंताचा शिक्का अजून बसला नाही, महादेव."

त्याने फडक्याने हात पुसले. सावकाश. "पोरगं चांगलं हाये. मी त्याले काइ म्हनत नाही. पन पंडितजी, तुमी माया घरी आले, पोहे खाल्ले, मायी बायको तुमच्या पाया पडली. मी काहून शिकोलं त्याले? मले हाताखाली पानी द्याले मानूस लागते मनून नाही. तो शिकाले इचारे मनून."

मग पुन्हा रोलरपाशी बसला. नेरचा माणूस पान्हा घेऊन आला. खरंच उलटा धरतो.

२८ ऑग., अकोला

शेटजींच्या गादीवर. विनंती केली, त्यांनी लिहून द्यावं की इंगळ्याचा दाखला खरा, पहिला मेहेरबानीचा. शेटजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी कावून लिवू का माही सही खोटी? उद्या बँक इचारन, कोनती खरी?"

"पण इंगळे आठ वर्षं तुमच्याकडे…"

"हाये ना. मी कुठी नाही मनतो? राहू द्या त्याले. त्या नेरवाल्याच्या हाताखाली ठेवतो."

चहा आला. न पिणं अशिष्ट. प्यालो.

१ सप्टें., अमरावती

मसुदा लिहिला. फाडला. दुसरा. इतकी वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले, कलेक्टरपासून रेल्वेपर्यंत. स्वतःचा एक जमत नाही. विशेषणं आपोआप येतात.

४ सप्टें.

जमलं. पाच ओळी. विशेषण एकही नाही. वसंताचा दाखला मी रचला, तो खोटा. इंगळ्याचा मी रचला, तो खरा. दोन्हींचा मजकूर एक, कारण लिहिणारा एक. शिक्षा द्यायची तर लिहिणाऱ्याला द्यावी. सही.

हिला वाचून दाखवलं. तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग, "तीसला शिक्का बसतो. एक तारखेला टाका."

"पंधराला इंगळ्याची जागा जाते."

"त्याला दुसरी मिळेल. त्याच्या हातात काम आहे. वसंताच्या हातात काय आहे? तुम्हीच ना सांगितलंत, घट्टा नाही म्हणून."

"जूनमध्ये तू म्हणाली होतीस, खरं पाठवायला घाबरू नका."

"तेव्हा ते खरं आपल्या कामाचं होतं."

एवढं प्रामाणिक वाक्य या घरात गेल्या दोन वर्षांत कोणी बोललं नव्हतं. माझ्यासकट.

५ सप्टें.

पाकिटावर तिकिटं लावली. कोटाच्या खिशात. पोस्टावरून दोनदा गेलो. एकदा तर आतही. पोस्टमास्तर म्हणाला, "काय पंडितजी, रजिस्टर?" म्हटलं, एक इनलँड द्या.

इनलँड कोणाला लिहायचं ते अजून ठरलं नाही.

६ सप्टें.

हवाई डाकेला आठ-नऊ दिवस, म्हणजे नऊच धरायचे. आज गेलं तर पंधराला पोचेल. उद्या गेलं तर पोचून उपयोग नाही.

तीन वाजता इंगळे आला. न सांगता. धुतलेला शर्ट, बाही खाली सोडलेली. काही विचारलं नाही. "काम होतं गावात," एवढंच. कुठलं काम, तेही नाही.

हिने चहा नेऊन दिला. बरोबर बशीत दोन पेढे, शेवटचे. दिल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, ती तिथेच थबकली.

"कायचे पेढे, वैनी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "वसंताचं… काम झालं."

"बरं झालं," इंगळे म्हणाला. एक खाल्ला. दुसरा रुमालात बांधून खिशात ठेवला, त्याच्या लेकीसाठी. "पोरगं शिकन."

ही आत येऊन चुलीपाशी बसली आहे. चूल पेटलेली नाही.

पोस्टाची थैली साडेचारला बंद होते. आता चारला दहा कमी. कोट खुंटीवर, पाकीट त्याच्या खिशात, खुंटी ओसरीच्या दारापाशी. घ्यायला गेलो तर त्याच्यासमोरूनच जावं लागेल. तो अंगणाकडे तोंड करून बसलाय, हात गुडघ्यांवर, पंजे उताणे.

मघाशी मला लिहिताना बघून म्हणाला, "पंडितजी, तुमचं लिवनं होऊ द्या. मी थांबतो."