हातोडीला न चिकटलेला खिळा

रविवार, बहुतेक नऊ तारीख
कारखान्याच्या माळ्यावरून

ताई,

नमस्कार. भावोजींनाही सांग, आणि छकुलीचा गालगुच्चा घे. तीन आठवडे लिहीन लिहीन म्हणतोय. कागद काढला की पेन सापडत नाही, पेन सापडलं की कुणीतरी हाक मारतं. खोटं कशाला बोलू, दोन्ही समोरच होती. हात धजत नव्हता.

फोनवर मी "दातांचं जरा आहे" म्हणालो ना, ते जरा नाहीये.

झालं काय, सोफ्याला कापड चढवत होतो. आपलं काम तुला माहीत आहे. तोंडात मूठभर बारीक खिळे धरायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, चुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा की ठोक. इथले सगळे खोक्यातून एकेक उचलतात, म्हणून मी जरा तोऱ्यातच असतो. तर एक खिळा चिकटेना. दोनदा लावला, दोनदा पडला. वाकून उचलला, तर दात! माझा, ताई. पुढचा, मुळासकट. दुखलंसुद्धा नाही.

मालक म्हणाले, "अरे, गिऱ्हाइकाच्या सोफ्यात ठोकला असतास की!" हसले, मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, आधी डॉक्टर गाठ.

दातांच्या डॉक्टर बाईंकडे बाहेर काचेच्या पेटीत मासे आहेत. एक जाडा मासा नुसता तोंड उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. तासभर तेच बघत बसलो. असो. बाईंनी जबड्याचा फोटो उजेडात धरला आणि पेन्सिलीने दाखवलं. "वरच्या एकाही दाताला धरून ठेवायला हाड उरलेलं नाही. खालचे वाचवू. वरचे सगळे काढावे लागतील."

मी म्हटलं, "बाई, फोटो दुसऱ्याचा दिसतोय. मी सव्वीस वर्षांचा आहे."

त्यांनी फोटोवरचं नाव दाखवलं. ते वाचूनही मी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी बसलंय का.

दोन वाटा आहेत म्हणे. एक कवळी. लवकर होते, काढता-घालता येते, पण हलते, आणि कवळीखालचं हाड झिजत गेलं की आणखी सैल. दुसरी वाट म्हणजे जबड्यात चार नाहीतर सहा स्क्रू बसवायचे आणि त्यांवर दातांची अख्खी रांग पक्की करायची. चावायला भक्कम. पण आधी हिरड्यांचा रोग आटोक्यात आणायचा, सिगरेट बंद, हाड स्क्रूला धरेपर्यंत चार-सहा महिने मऊ जेवण. आणि नंतरही दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, कायम. हयगय केली तर स्क्रूही जातात.

"कायम म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुमचं तोंड आहे तोपर्यंत."

आता तूच सांग. चार वर्षांत मी नऊ गावं केली. कुठे सहा महिने टिकलो नाही. मालक म्हणतात, इथेच राहा, काम आहे, खर्चाचं बघू. पण कवळी काय, खिशात टाकून कुठेही जाता येतं. मी मनातल्या मनात कवळी घेऊन मोकळा झालो होतो.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "घरात कुणाचे दात असे लवकर गेलेत?"

"छे! बाबांचे दात लोखंडी," म्हणालो, आणि म्हणता म्हणता घाम फुटला. ताई, न्हाणीघरातला तो झाकणाचा मग आठव. "माझ्या मगाला हात लावायचा नाही." आपली जेवणं उरकल्यावर बाबा एकटे जेवायला बसायचे, ते आठव. आणि खिळे तोंडात धरायचं त्यांनी अचानक सोडलं, बशीतून वेचायला लागले, ते?

आता जे लिहायचं टाळत होतो, ते. फिरायची हौस म्हणून घर सोडलं, असं मी तुला सांगितलं. तसं नाही. त्या दिवशी आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर मी बाबांना म्हणालो, "असं वेचत बसलात तर सोफा व्हायच्या आधी गिऱ्हाईक म्हातारं होईल. सरका बाजूला, तुमच्या तोंडात दम राहिला नाही." सगळे हसले. बाबाही हसले, तोंडावर हात धरून. हात धरून, ताई! मला वाटलं, ते मनावर घेत नाहीत, म्हणून आणखी दोन-चार बोललो. संध्याकाळी कुणी माझ्याशी बोलेना, तेव्हा पिशवी उचलली.

तुला माहीत होतं का? खरं लिही.

थांब, मालक खालून ओरडतायत.

ताई, बाबा आलेत! शेजारच्या गावात लग्नालाही मुक्काम न करणारे आपले बाबा. फोनवर कुणाला सांगू नकोस म्हणालो होतो, पण ते तुला सांगतोय हे विसरलोच. हातात पिशवी आहे, म्हणजे राहणार आहेत. कवळीचं मालकांनी खालीच त्यांना सांगून टाकलंय. मी "बाबा" म्हणालो आणि त्यांची पिशवी घेतली. त्यांनी दार लावलं, माझ्या खाटेवर बसले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पेलाभर पाणी आण. कवळी घ्यायची का नाही, ते कवळी बघून ठरव. तुझ्या आईखेरीज कुणी बघितलेली नाही."

पाणी आणायला उठलोय. उद्या आम्ही दोघं बाईंकडे जाऊ.

तुझा,
चार वर्षं काहीच न कळलेला
भाऊ